कंपनी : बारा ते साडेबारा

ढाकणेमामांना "कोणत्या कंपनीत कामाला?" असं विचारायची सोय नव्हती. विचारणारा एसटीत शेजारी बसलेला असो, नाहीतर लग्नाच्या मांडवात भेटलेला लांबचा पाहुणा असो, मामा आधी त्याला डोक्यापासून चपलेपर्यंत बघून घ्यायचे आणि मग एकदम वरच्या पट्टीत सुरू व्हायचे.

"कंपनीत न्हाई, कारखान्यात. साडेआठ ते बारा कारखाना. साडेबारा ते पाच कारखाना. कंपनी बारा ते साडेबारा असती."

समोरचा गडबडायचा. "म्हणजे, अर्ध्या तासाची कंपनी?"

"अर्धा तास तरी हाय! तुला तेवढी बी न्हाई. तोंडावरून दिसतंय."

एकदा कारखान्यात डोळे तपासणीचं शिबिर होतं. फॉर्मवर 'कंपनीचे नाव' असा रकाना होता. मामांनी त्यात लिहिलं : शिंदे, पठाण, वाकळे, कांबळे, सोनवणे. रकाना संपला म्हणून कागद उलटा करून मागे आणखी दोन नावं लिहिली. शिबिरवाले तो कागद घेऊन टाइम ऑफिसात माझ्या खिडकीशी आले. "हे काय आहे साहेब? आम्ही कंपनीचं नाव विचारलं होतं." मी म्हणालो, "त्यांनी बरोबर लिहिलंय. चष्मा देऊन टाका."

बरोबर लिहिलंय असं मी म्हणालो, कारण हे खूळ मामांच्या डोक्यात घालणारा दुसरातिसरा कुणी नव्हता. मीच होतो.

झालं असं, की मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालो. प्राध्यापक व्हायचं होतं. जिल्ह्यातल्या एकेका कॉलेजात मुलाखती दिल्या. एका ठिकाणी मला विचारलं, "तुमचा आवडता नाटककार कोण?" मी इतकं लांबलचक सांगितलं, की मुलाखत घेणाऱ्यांपैकी एक गृहस्थ चहा पिऊन परत आले तरी माझा पहिला अंक चालूच होता. शेवटी नगरच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात चिकटलो. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, हे लिहायचं. त्याला एम. ए. लागत नाही. घड्याळ लागतं.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. क्वालिटी विभागात एक मॅडम होत्या. त्या रोज बारा वाजता पाण्याच्या कूलरपाशी बाटली भरायला यायच्या. मी पण बरोबर बारालाच तहानलेला असायचो. कूलरच्या शेजारी प्रेस शॉपच्या लोकांचं जेवणाचं टेबल. एका दुपारी मॅडम बाटली भरत असताना मी त्या टेबलाकडे तोंड करून, पण मॅडमना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "तुम्हाला माहीत आहे का, कंपनी या शब्दाचा अर्थ काय? लॅटिनमध्ये 'कॉम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव, भाकरी. जे सोबत बसून भाकरी खातात, ती कंपनी. हा शब्द रोमनांकडून फ्रान्सला गेला, फ्रान्सहून इंग्लंडला आणि तिथून आपल्याकडे आला."

मॅडमनी बाटलीचं बूच लावलं आणि निघून गेल्या. त्यांनी एक अक्षर ऐकलं नव्हतं.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका बुटक्या, काळ्यासावळ्या माणसाचा घास मात्र हातातच राहिला होता. ते ढाकणेमामा.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.

"कोन लोक म्हनला?"

"रोमन."

"ज्वारी खायचे का बाजरी?"

"गहू बहुतेक."

"म्हनून बुडालं त्यांचं राज्य," मामा म्हणाले आणि थांबलेला घास तोंडात घातला. मग घास संपवून म्हणाले, "पर बोलले खरं. लई खरं बोलले. तुझं नाव काय?"

मी नाव सांगितलं, शिक्षणही सांगितलं. तेव्हापासून मामांसाठी मी 'एम्ये'.

मामा मूळचे शेवगावच्या पुढचे. पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या मोठ्या प्रेसवर कामाला. ती प्रेस दणका द्यायची तेव्हा माझ्या टाइम ऑफिसातली टाचणी उडायची. आयुष्य अशा मशिनीजवळ गेल्यामुळे मामांना कमी ऐकू येत असेल आणि म्हणून ते ओरडून बोलत असतील, असं मला सुरुवातीला वाटायचं. तसं काही नव्हतं. मामांना उत्तम ऐकू यायचं. त्यांना राग यायचा, एवढंच.

राग कशाचाही यायचा. 'कंपनीची बस' म्हटलं की राग. 'कंपनी पॉलिसी' म्हटलं की राग. वाकळे एकदा म्हणाला, "मी पीत नाही मामा, मित्रांना नुसती कंपनी द्यायला बसतो." मामा ताडकन उभे राहिले. "शेंगदानं खायला बसतो म्हन! भाकरी हाय का तिथं? न्हाई ना? मग कंपनीचं नाव काढू नगंस!"

कुणीतरी ईस्ट इंडिया कंपनीचा विषय काढला, तेव्हा तर मामांनी डब्याचं झाकण टेबलावर आपटलं. "ती कशाची कंपनी? कुनाच्या संगं बसून खाल्लं त्यांनी? आपल्या ताटातलं उचलून घरी घिऊन गेले. त्याला येगळा शब्द हाय आपल्यात!" आणि तो शब्द त्यांनी उच्चारला. क्वालिटीच्या मॅडम तेव्हा कूलरपाशीच होत्या. तो मात्र त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आला.

मामांना मान्य असलेली बाहेरची कंपनी एकच. त्यांचा मेव्हणा फौजेत होता. तिकडे शंभरेक जवानांच्या तुकडीला कंपनी म्हणतात. "त्यांचा लंगर एक असतो," मामा म्हणायचे. "ते चालतंय."

आता टेबलाचं सांगतो. ते टेबल म्हणजे भंगारातला पत्रा आणि खाली चार ड्रम. त्यावर रोज वर्तमानपत्र अंथरलं जायचं आणि कायदा मामांचा चालायचा. डबे उघडायचे, झाकणं उलटी करायची, प्रत्येकाची भाजी झाकणात पडून मधे यायची. आणि पहिला घास आपल्या डब्यातला घ्यायचा नाही, शेजाऱ्याच्या डब्यातला घ्यायचा. कांबळे नवीन आला तेव्हा त्यानं भुकेच्या भरात स्वतःच्याच भेंडीला हात घातला. मामांनी त्याचं मनगट धरलं. "घरी खातोच की रोज ती. हितं कशाला आलास मग?"

मोबाईल नट-बोल्टच्या रिकाम्या ट्रेमध्ये पालथे. ज्याचा वाजेल त्याचा मोबाईल मामा उचलून कूलरवर नेऊन ठेवायचे. सोनवण्याच्या बायकोचा फोन एकदा नऊ वेळा वाजला. मामांनी तो घेतला आणि ओरडले, "जेवतोय त्यो! मेला न्हाई!"

टेबलावर सगळ्यात आधी संपायचं ते मामींच्या हातचं. मामींचं माहेर मिरजगाव, त्यामुळे त्यांची शिपी आमटी. जत्रेत करतात तशी, डाळींची, झणझणीत. पठाण आमचा वेल्डर. तो झाकण बोटानं पुसून घ्यायचा आणि म्हणायचा, "मामीला सलाम सांगा." दुसऱ्या दिवशी मामा निरोप आणायचे, "मामी म्हनली, काल मीठ कमी पडलं हुतं, तरी पठान बोलला न्हाई. गुनाचा हाय." पठाण दिवसभर खूष.

हे सगळं मी तुम्हाला तिथं बसल्यासारखं सांगतोय. खरं सांगायचं तर मी त्या टेबलावर कधी बसलो नाही. टाइम ऑफिसला काचेची खिडकी आहे. तिच्यामागे बसून मी माझा डबा खायचो, समोर मोबाईल उभा करून. मामा सुरुवातीला खिडकीवर बोट वाजवायचे. "एम्ये, चल." मी हातानं खूण करायचो, काम आहे. एवढा शिकलेला माणूस पत्र्यावर कसा बसणार? पुढं पुढं मामांनी बोट वाजवणं बंद केलं. जाताना नुसतं काचेतून बघायचे. असं अकरा वर्षं चाललं.

मग पुण्याहून नवे मॅनेजर आले. तरुण, हसतमुख, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. पहिल्याच मीटिंगमध्ये ते म्हणाले, "बारा ते साडेबारा सगळी मशीनं बंद असतात. रोज अर्धा तास. काही सुचतंय का?"

अशा वेळी शहाणा माणूस चहाच्या कपात बघतो. मी हात वर केला.

मी म्हणालो, "सर, जेवण तीन बॅचमध्ये करता येईल." एवढं म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. मी त्याच संध्याकाळी एक्सेलमध्ये तक्ता केला. साडेअकराची बॅच हिरवी, बाराची पिवळी, साडेबाराची गुलाबी. प्रत्येकी वीस मिनिटं. एकाही मशीनला विश्रांती नाही. कॉलेजात माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं, इतक्या प्रेमानं मॅनेजरांनी त्या तक्त्याकडे बघितलं.

फक्त एक झालं. मोठ्या प्रेसवर माणूस एकच. त्याच्या जागी उभं राहायला जेवून आलेलं कुणीतरी हवं. म्हणजे सगळे उरकले की मग मामा. गुलाबी रंगात एकच नाव आलं. मला ते दिसलं होतं. पण चौकटी इतक्या सुबक बसल्या होत्या, की मोडवेना.

नोटीस लागली त्या दिवशी मामा प्रेस थांबवून थेट मॅनेजरांच्या केबिनमध्ये घुसले. मी तिथंच कागदांवर सह्या घेत होतो.

"साहेब, कंपनी बंद पाडायला आलाय का तुमी?"

"उलट मामा, चालू ठेवायला आलोय. एक मिनिटही बंद पडणार नाही."

"मशीन चालू ऱ्हाती. मी कंपनीचं बोलतोय."

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या स्टेपलरमध्ये लक्ष घातलं.

"मामा, डबा तोच, टेबल तेच. फक्त वेळ बदलली," मॅनेजर समजुतीनं म्हणाले.

"आन मानसं?"

"माणसं बॅचप्रमाणे."

"कुत्र्याला बी भाकरी टाकली तर त्ये इकडंतिकडं बघतं, कोन हाय का म्हनून! आमी मशीनकडं बघून खायचं का? कुनाच्या टाळक्यातून निघालं हे?" मामांचा आवाज आता प्रेस शॉपपर्यंत जात होता. "नाव सांगा त्याचं! ज्यानं हे काढलं त्याला माझ्या म्होरं उभा करा!"

मॅनेजर निष्पाप माणूस. त्यांनी बोट केलं. "अहो, हे काय तुमच्या शेजारीच उभे आहेत. फार सुंदर तक्ता केलाय यांनी."

मी डोळे मिटले. अकरा वर्षं ऐकलेले सगळे शब्द एकदम येणार, त्यात तो ईस्ट इंडियावालाही येणार, अशी तयारी ठेवली. काहीच आलं नाही. डोळे उघडले तर केबिनचं दार हलत होतं आणि मामा निघून गेले होते.

टेबलावर काय झालं ते मी काचेतून रोज बघत होतो. साडेअकराला तिघं यायचे, तिघं तीन दिशांना बसायचे, मोबाईल समोर. बाराला चौघं. वर्तमानपत्र अंथरणं बंद झालं. वीस मिनिटांत भाजी झाकणात काढायला कुणाला वेळ? साडेबाराला मामा यायचे. हात धुवायचे. टेबलापाशी वीस मिनिटं बसायचे आणि उठून जायचे. डबा त्यांच्या समोरच असायचा, पण माझ्या खिडकीतून त्यांची पाठ दिसायची. त्यामुळे मी आपलं ठरवून टाकलं, की ते जेवतायत.

तीन आठवड्यांनी पठाण खिडकीशी आला. त्यानं बोट वाजवलं नाही, मूठ वाजवली.

"म्हातारा डबा उघडत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे उघडत नाही! भरलेला आणतो, भरलेला नेतो. आम्ही सांगून थकलो. कालपासून पाय लटपटतायत त्याचे. त्या प्रेसवर एक दिवस हात जाईल त्याचा आतमध्ये. मग तो पण तुझ्या तक्त्यात भर. कुठला रंग देणार?"

मी मॅनेजरांकडे गेलो. म्हणालो, "सर, तक्ता चुकलाय." ते म्हणाले, "छे, आकडे उत्तम आलेत." मी म्हणालो, "माणूस जेवत नाहीये." ते म्हणाले, "त्यांची काळजी घेऊ आपण," आणि घड्याळात पावलं बघितली. बाहेर आलो तेव्हा मला संताप आला होता आणि तो मॅनेजरांवर काढता येत नव्हता, कारण तक्त्याच्या खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, हौसेनं माझं नाव मीच घातलं होतं.

संध्याकाळी सुटल्यावर मी अर्धा डझन केळी घेतली आणि मामांच्या खोलीवर गेलो. दार वाजवलं.

"कोन हाय?"

"मी आहे."

"मी कोन?"

"एम्ये."

"हितं हजेरी लागत न्हाई. घरी जा."

मी दार ढकललं. एकच खोली. कोपऱ्यात गॅस, पीठ लागलेली परात उपडी टाकलेली, दोरीवर एकट्या माणसाचे कपडे. मामा भिंतीला टेकून बसले होते आणि समोर डबा, बंद. मी केळी खाली ठेवली.

"मामी कुठायत?"

"पुन्यात."

"कधी येणार?"

"तिला जाऊनच तीन वर्सं झाली." मामा माझ्याकडे न बघता, चिडल्या आवाजात बोलत होते. "पोरगा आन सून दोघं नोकरीला. नातू कोन बघनार? ही बघती. मी हितं. रिटायर झालो की जाईन."

"मग डबा? आमटी?"

"फोन लावती पाटं पाचला. शेजारी मोबाईल ठिवायचा. ती सांगती, मी करतो. आता डाळ घोटा, आता मीठ टाका. भाकरी थापताना आवाज ऐकून सांगती, जाड झाली म्हनून." ते थांबले. "मग तिनंच केली का न्हाई? खोटं बोललो का मी तुमच्याशी?"

मी काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. मामांनी तो उचलला, स्पीकर लावला आणि डब्याला टेकवून उभा केला. रोजची जागा असावी.

"आलात का?" मामींचा आवाज. मागे कुठंतरी लहान मूल रडत होतं.

"आलो."

"आज कोन कोन हुतं जेवायला?"

मी मामांकडे बघितलं. मामा फोनकडे बघत होते. आणि मग त्यांनी आपल्या नेहमीच्या, पत्रा हलवणाऱ्या आवाजात सुरुवात केली. "सगळे हुते! शिंदे हुता. कांबळे हुता. वाकळ्यानं तीन भाकरी हानल्या, खादाड मेला. सोनवन्याचा फोन ठिवला कूलरवर."

"आन आमटी?"

"संपली. पठाननं झाकान पुसून घेतलं."

मामी हसल्या. "त्याला म्हनावं, उद्या जरा जास्ती करू." मग म्हणाल्या, "आन तुमचं ते एम्ये? बसलं का तुमच्या पंगतीला?"

मामांनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"अकरा वर्सं झाली बाई, रोज सांगता. ज्यानं शिकवलं त्योच उभा, ज्यानं शिकवलं त्योच उभा. बसलं का न्हाई?"

"बसला," मामा म्हणाले. "आज बसला."

"खरं? मग काय म्हनला आमटीला?"

मामांनी तोंड उघडलं. सात माणसांच्या तोंडचे संवाद तीन आठवडे रचणाऱ्या त्या माणसाला माझ्या तोंडचं एक वाक्य सुचेना.

मी पुढं सरकलो. फोन अलगद उचलून बाजूला धरला, डबा ओढला, झाकण काढलं. आमटी गार झाली होती, वर तेल गोठलं होतं. भाकरी ताठ. ती मोडली, अर्धी मामांच्या हातात दिली, अर्धी आमटीत बुडवली आणि तोंड भरलेलं असतानाच बोललो.

"मामी, मीच बोलतोय. एम्ये. आमटी फार छान झालीय. मीठ किंचित जास्त आहे."

"अगंबाई! तुमी घरी आलाय व्हय? बघा, मी सकाळीच म्हनलं हुतं चिमूटभरच टाका. ऐकत न्हाईत. जेवताय का दोघं?"

"जेवतोय."

शेजारून एक आवाज आला. मामांनी भाकरीचा तुकडा तोंडात घातला होता आणि तो खाली उतरत नव्हता. खांदे हलत होते. दुसऱ्या हातानं त्यांनी डोळ्यांवर उपरणं धरलं होतं.

"काय झालं हो?" मामींनी विचारलं. "कशाचा आवाज येतोय?"

"काही नाही मामी. ठसका लागलाय त्यांना. आमटी तिखट आहे."

"असंच करतात. घाई लई. पानी द्या त्यांला. आन जरा पाठीवरनं हात फिरवा."

मी पाणी दिलं. आणि पाठीवरून हात फिरवला.